जाळ्या, चिखल आणि शेफिल्डचा एक मोसम

शनिवारी रात्री भाच्याच्या फोनवर ग्रुपचा मेसेज आला. सकाळी साडेनऊला मैदानावर, जाळ्या लावायला चार माणसं आधी हवीत. तिघांनी होकार कळवला होता. भाचा माझ्याकडे बघत म्हणाला, "मामा, तू येशील? उंच आहेस, उपयोगी पडशील."

नोव्हेंबरात मी इंग्लंडमधल्या शेफिल्डला आलो होतो तो त्याला भेटायला. तो तिथल्या एका इस्पितळात काम करतो आणि गेली तीन वर्षं रविवारच्या फुटबॉल लीगमधल्या एका छोट्या क्लबकडून बचावात, उजव्या बाजूला खेळतो. क्लबात बावीस-तेवीस जण आहेत. एक प्लंबर, दोन शिक्षक, एक बसचालक, गोदामातली रात्रपाळी संपवून थेट मैदानावर येणारा गोलरक्षक. पैसे कुणालाच मिळत नाहीत. उलट जो ज्या दिवशी खेळेल त्यानं पाच पौंड भरायचे. त्यातून मैदानाचं भाडं आणि रेफ्रीचं मानधन निघतं.

सकाळी निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर दव गोठलं होतं. शेफिल्ड टेकड्यांचं शहर आहे, सपाट जागा तिथं मुश्किलीनं सापडते. हे मैदानही उतरणीवरच होतं. पालिकेची तीन मैदानं एकमेकांना लागून, मध्ये पांढऱ्या रेघा, कडेला कपडे बदलायची विटांची खोली. पहिलं काम म्हणजे चौघांनी एका ओळीत अंतर ठेवून अख्खं मैदान चालून काढणं. कुत्र्यांची घाण, फुटकी काच, बाटल्यांची बुचं, जे दिसेल ते उचलायचं. मग कोपऱ्यांवर झेंडे. मग जाळ्या.

जाळी लावणं हे इतकं निगुतीचं काम असेल असं मला वाटलं नव्हतं. ओल्या जाळीचं वजन दोघांना पेलत नाही. ती आधी गवतावर उलगडायची, गुंता सोडवायचा, लांब काठीनं आडव्या खांबावर चढवायची. "आधी वरचे दोन कोपरे," मागून आवाज आला. "मध्यापासून सुरू केलंत तर शेवटी हातभर कमी पडते." क्लबच्या सेक्रेटरीबाई होत्या. वय अडुसष्ट, डोक्यावर लोकरी टोपी, काखेत फाइल. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे कोपरे अडकवले, मग एकेक चाप आडव्या खांबाला, मग उभ्या खांबांना, आणि शेवटी खालची कड जमिनीत खुंट्यांनी. बोटं बधिर झाली होती. बाईंनी जाळी ओढून पाहिली, दोन चाप पुन्हा लावले आणि मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला फार आनंद झाला.

तो रविवार युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा होता. सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघ मधल्या वर्तुळाभोवती उभे राहिले. शेजारच्या मैदानांवरही तेच. रेफ्रीनं शिट्टी वाजवली आणि दोन मिनिटं सगळीकडे शांतता. १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सेरे गावासमोर शेफिल्डच्या स्वयंसेवकांच्या बटालियनमधले शेकडो जण काही तासांत मारले गेले किंवा जखमी झाले. एकाच शहरातली, एकाच वेळी भरती झालेली माणसं. माझ्यासमोर उभी असलेली पोरं त्याच वयाची होती.

सामन्याबद्दल थोडक्यात. आम्ही ३-१ असे हरलो. मध्यंतराआधीच मैदानाचा खालचा कोपरा इतका चिखल झाला की चेंडू तिथं पडला की रुतायचाच. लाइन्समनचे झेंडे दोन्हीकडच्या राखीव खेळाडूंच्या हातात होते, त्यामुळे ऑफसाइडवरून, म्हणजे खेळाडू पास मिळण्याआधीच बचावपटूंच्या पुढे गेला होता का यावरून, कुरबुर झाली. आमच्या बसचालकानं रेफ्रीला चार शब्द जास्त सुनावले आणि दहा मिनिटं बाहेर बसला. २०१९-२० च्या मोसमापासून इंग्लंडच्या तळाच्या फुटबॉलमध्ये सगळीकडे हा नियम आहे, पंचाशी वाद घातला की दहा मिनिटं सिन बिन. मला तो अतिशय योग्य वाटतो. रविवारी सकाळी घर सोडून आलेला रेफ्री हाही खेळासाठीच आलेला माणूस असतो.

शेवटची शिट्टी झाल्यावर मी जायला वळलो तर भाचा जाळी सोडत होता. हरलेले अकरा आणि जिंकलेल्यांतले दोघं-तिघं मिळून दहा मिनिटांत सगळं उतरवलं. चिखलानं माखलेले शर्ट एका पिशवीत कोंबले गेले. पिशवी दर आठवड्याला वेगळ्या घरी धुवायला जाते. यावेळी ती गोलरक्षकाकडे गेली. रात्रपाळी केलेल्या माणसानं बोलता बोलता ती खांद्यावर टाकली.

तिथून सगळे क्लबच्या पबमध्ये. पबचा मालक दोन्ही संघांना बटाट्याचे गरम चिप्स आणि पाव देतो, ही इथली जुनी रीत. टेबलांवर शेफिल्डचं लाडकं हेंडरसन्स रेलिश होतं, १८८५ पासून याच शहरात बनणारं पातळ, आंबट-तिखट. दंड वसूल झाला. उशिरा आला, एक पौंड. मोजे विसरला, एक पौंड. सिन बिनमध्ये गेला, दोन पौंड. हे पैसे वर्षअखेरच्या सहलीसाठी डब्यात पडतात. मग सामन्यातला उत्तम खेळाडू निवडला, आणि त्याचं मत प्रतिस्पर्ध्यांनी दिलं. तासाभरापूर्वी एकमेकांना धक्के देणारे दोन बचावपटू बाळाच्या झोपेबद्दल बोलत होते.

सेक्रेटरीबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. मी विचारलं, तुम्ही कधी खेळलात का? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

त्यांचे वडील अशाच एका हौशी क्लबात खेळायचे. ही नऊ-दहा वर्षांची पोर त्यांच्याबरोबर मैदानावर जायची, घरामागे मुलांत खेळायचीही. पण क्लबाच्या मैदानावर बायकांचा सामना होऊ शकत नव्हता. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ५ डिसेंबर १९२१ ला हा खेळ बायकांना योग्य नाही असं ठरवून संलग्न क्लबांची मैदानं त्यांना बंद केली होती. त्याच्या वर्षभर आधी, २६ डिसेंबर १९२० ला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर लेडीज' या कारखान्यातल्या बायकांच्या संघाचा सामना बघायला ५३,००० माणसं आली होती. बंदी पन्नास वर्षं टिकली. "१९७१ ला उठली तेव्हा मी पंधराची होते," बाई म्हणाल्या. "पण वडिलांच्या क्लबात मुलींचा संघ कुठं होता? मला जाळ्या लावता येत होत्या. मी जाळ्या लावत राहिले."

आज या क्लबाचा मुलींचा संघ आहे. तो बाईंनी सुरू केला, आणि शनिवारी सकाळी त्यांच्या जाळ्याही त्याच लावतात. हे त्यांनी नाही सांगितलं, भाच्यानं सांगितलं.

निघताना त्या म्हणाल्या, "इतक्या लांब आलाय तर सँडीगेटला जाऊन या. आणि ड्रॉनफिल्डलाही."

सँडीगेट शहराच्या पश्चिमेला, क्रॉसपूल भागात. बस चढत चढत जाते आणि वर वारा असा बोचतो की कानटोपी हवीच. हॅलम फुटबॉल क्लब १८६० चा, आणि त्याचं हे मैदान जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनेसच्या नोंदीत आहे. मी मोठं काही बघायच्या तयारीनं गेलो होतो. बघितलं ते एक छोटं आवार, शेजारी क्रिकेटचं मैदान, चहाची खिडकी, आणि फुटबॉलच्या मैदानाला डोळ्यांना दिसणारा उतार. २६ डिसेंबर १८६० ला दोन क्लबांमधला पहिला सामना इथं झाला. पाहुणा होता शेफिल्ड फुटबॉल क्लब, आणि तो २-० असा जिंकला. मी गेलो त्या शनिवारी प्रेक्षक कठड्याला टेकून उभे होते, खेळाडूंना नावानं हाका मारत. चेंडू कुंपणाबाहेर गेला की एक आजोबा तो आणायला निघायचे. कुणी त्यांना सांगत नव्हतं, ते आपलेच निघायचे.

हॅलमकडे एक चषक आहे त्याची गोष्ट मला फार आवडली. टॉमस यूडन या नाट्यगृहमालकानं १८६७ मध्ये स्पर्धा ठेवली, ती हॅलमनं जिंकली. अंतिम सामन्यात गोल एकही झाला नाही. गोलखांबांच्या बाहेर दोन्हीकडे आणखी झेंडे रोवलेले असायचे, त्यांच्यामधून चेंडू गेला आणि खेळाडूनं तो आधी गाठून टेकवला की 'रूज' मिळायचा. अशा दोन रूजवर निकाल लागला. पुढे चषक हरवला आणि १९९७ साली स्कॉटलंडमधल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून क्लबानं तो परत विकत घेतला.

दुसऱ्या दिवशी ड्रॉनफिल्ड. शेफिल्ड स्थानकावरून गाडीनं थोडकी मिनिटं, पण जिल्हा बदलतो, डर्बीशायर लागतो. जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब मानला जाणारा शेफिल्ड फुटबॉल क्लब २००१ पासून इथं, कोच अँड हॉर्सेस नावाच्या पबामागच्या मैदानावर खेळतो. त्या दिवशी सामना नव्हता. कुंपणाच्या फटीतून गवत बघत मी बराच वेळ उभा राहिलो.

नथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट यांनी २४ ऑक्टोबर १८५७ ला हा क्लब काढला. खेळायला दुसरा क्लबच नव्हता, म्हणून सभासदच आपसांत संघ पाडायचे. कधी विवाहित विरुद्ध अविवाहित, कधी वकील-डॉक्टरांसारखे पेशेवाले विरुद्ध बाकीचे. १८५८ च्या त्यांच्या नियमांत एक नियम असा की प्रत्येकानं स्वतःच्या दोन फ्लॅनेलच्या टोप्या आणायच्या, एक लाल, एक गडद निळी. ज्या बाजूनं खेळायचं त्या रंगाची घालायची. ऑफसाइड नव्हतं. चेंडू हातानं झेलता यायचा. ही नियमांची वही २०११ मध्ये क्लबानं लिलावात ८,८१,२५० पौंडांना विकली. मैदानासाठी, चालू खर्चासाठी पैसे हवे होते. त्या गोष्टीपाशी मी अडखळलो. पण घरच्या पोरांना मैदान मिळावं म्हणून आजोबांची वही विकावी लागली तर मी काय केलं असतं, हे मला ठरवता आलं नाही.

१९०४ मध्ये याच क्लबानं फुटबॉल असोसिएशनचा हौशी संघांसाठीचा कप जिंकला होता. १८९३-९४ ला सुरू झालेल्या या कपच्या १९५१ च्या अंतिम सामन्याला वेम्बलीवर एक लाख माणसं होती. नंतर हौशी क्लब बुटात नोटा ठेवून खेळाडू राखू लागले, आणि १९७४ मध्ये असोसिएशननं हौशी आणि व्यावसायिक हा भेदच नियमांतून काढून टाकला. कपही संपला. म्हणजे भाच्याचा गोलरक्षक कागदावर हौशी नाहीच, नुसता खेळाडू आहे. शर्टांची पिशवी मात्र त्याच्याच दारात.

डिसेंबरात मी परतलो. पुढचं फोनवर कळत गेलं. जानेवारीत सलग चार रविवार मैदान पाण्याखाली. तरी दर शनिवारी कुणीतरी जाऊन टाच रोवून बघायचं, आणि ग्रुपवर एकच शब्द यायचा, रद्द. मार्चअखेरीस घड्याळं एक तास पुढे गेली, संध्याकाळी उजेड राहू लागला, तेव्हा उरलेले सामने आठवड्यातून दोन-दोन असे उरकले. क्लब तळापासून दुसरा आला.

मेमध्ये मी पुन्हा शेफिल्डला गेलो, भाच्याच्या लग्नासाठी. नोंदणी शुक्रवारी झाली. रविवारी सकाळी त्यानं नव्या नवरीसह मला मैदानावर नेलं. मोसमाचा शेवटचा खेळ क्लबातल्याच दोन बाजूंचा असतो, विवाहित विरुद्ध अविवाहित. शहरातली ही १८५७ ची चाल बाईंनीच क्लबात आणली आहे. टोप्यांऐवजी बिनबाह्यांची जाकिटं, ज्यांना खेळाडू बिब म्हणतात. लाल अविवाहितांची, गडद निळी विवाहितांची. मुलींचा संघही त्या दिवशी मिसळून खेळतो.

भाचा सवयीनं लाल ढिगाऱ्याकडे गेला. बाईंनी त्याला नावानं हाक मारली आणि एक निळी बिब त्याच्या अंगावर फेकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, प्लंबरनं त्याला उचललंच. त्याची बायको कठड्यापाशी हसत उभी होती. विवाहित ६-४ असे हरले. भाच्यानं एक गोल केला, तीन वर्षांतला त्याचा पहिला, आणि लाल बाजूचे सगळेही त्याला मिठी मारायला धावले.

संपल्यावर बाईंनी माझ्या हातात लांब काठी दिली. मी वरचे कोपरे शेवटी सोडले, बाकीचे चाप आधी. जाळी गवतावर पसरून आम्ही दोघांनी झाडली, घडी घातली, गुंडाळली. बाईंनी तिच्यावर सुतळीनं चिठ्ठी बांधली, 'वरची बाजू'. "ऑगस्टमध्ये शोधायला नको," त्या म्हणाल्या. मी ती उचलून गाडीपर्यंत नेली. नोव्हेंबरात दोघांना न पेललेली तीच जाळी, आता सुकलेली, माझ्या एकट्याच्या हातात हलकी होती.