आईच्या टाचांमागून

अकरा वर्षं मी वारीचे फोटो काढले, म्हणजे अकरा वर्षं उलटा चाललो. दिंडीच्या पुढं पळायचं, कठड्यावर नाहीतर टँकरवर चढायचं, 'माऊली, इकडं बघा' अशी हाक द्यायची, चार फ्रेम मिळाल्या की पुढची दिंडी. संध्याकाळी मोटरसायकलवरून कोरेगावला घरी. यंदा पहिल्यांदा आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सरळ चाललो. कॅमेरा स्टुडिओच्या कपाटात ठेवून.

अण्णा पौषात गेले. सत्तावीस वर्षं ते गावच्या दिंडीत टाळकरी होते. 2020 साली पायी वारी झाली नाही, माऊलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या दिवसांत अण्णा सकाळी टाळ घेऊन आल्याच्या रानाच्या बांधावर फेऱ्या मारायचे आणि घरात आल्यावर आईला सांगायचे, 'आज लोणंदात मुक्काम.' मी त्यांचे वारीत कितीतरी फोटो काढले, पण त्यांनी एकदाही कॅमेऱ्याकडं बघितलं नाही. मी समोर आलो की नजर खाली जायची. दिंडीत असताना पोरगा-बाप काही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझ्या धंद्यात लग्नाइतकंच हेही काम असतं. घरातलं माणूस गेलं की कुणीतरी मोबाईलमधला किंवा लग्नाच्या ग्रुप फोटोतला चेहरा घेऊन येतं. मी शेजारची माणसं काढून टाकतो, मागं निळा रंग भरतो, कॉलर सरळ करतो, मोठा करून फ्रेम देतो. अण्णांचाही तसाच केला होता, भाचीच्या लग्नातला, फेट्यातला. आईनं तो हातात घेतला आणि परत दिला. 'ह्यो नगं. त्यो वारीतला लाव.' वारीतल्या त्या फोटोत अण्णांचे दोन्ही हात वर आहेत आणि टाळानं अर्धं तोंड झाकलंय. मी म्हणालो, 'आई, चेहरा दिसत नाही त्यात.' ती म्हणाली, 'मला दिसतंय न्हवं.' तोच लावला. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांनीही कुणी काही विचारलं नाही.

मग वैशाखात तिनं सांगितलं, यंदा ती चालणार. घरची वारी चुकवायची नाही. वय अडुसष्ट, टाचांना भेगा, पण तिच्या आवाजात विचारणं नव्हतं. एकटी कशी पाठवायची? जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशांमुळं पासपोर्ट फोटोंची गर्दी असते, तो गल्ला वर्षभर पुरवावा लागतो. बायको म्हणाली, 'तुम्ही जावा. पांढऱ्या पडद्यासमोर माणूस उभं करायला मला येतं.' मी दिंडीची भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाची वर्गणी, भरली.

खरं सांगायचं तर मला घरातून बाहेर पडायचंच होतं. तुळशीच्या लग्नापासून चौतीस लग्नं केली होती. नव्या कॅमेऱ्याचे हप्ते, ड्रोनवाल्या पोराचा रोज, अल्बमची उधारी, आणि त्यातच फाल्गुनातलं ते लग्न. हळदीचं आणि देवकाचं सगळं शूटिंग एका कार्डावर होतं. घरी येऊन कार्ड लावलं तर उघडेना. पुण्याला दोन ठिकाणी पाठवलं, काही निघालं नाही. दोन कार्डांवर एकदम लिहिता येईल असा माझा कॅमेरा आहे. त्या दिवशी दुसरं कार्ड घालायचं मी विसरलो होतो. चूक माझी. मी सगळे पैसे परत केले. मुलीच्या वडिलांनी फोनवर फक्त 'बरं' म्हटलं. महिन्याभरानं कळलं की नवरीची आजी गेली. हळदीच्या दिवशी त्या आजींनी नातीच्या गालाला हळद लावली होती, मी गुडघ्यावर बसून ते टिपलं होतं. आजींचा तो दिवस आता कुठंच नाही. पैसे फोनवरून पाठवले. मी स्वतः गेलो नाही.

दिंडीत पुढं पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, आणि त्यांच्यामागं डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. मला टाळ वाजवता येत नाही, म्हणून मी सगळ्यांच्या मागं. अण्णांचा टाळ शबनममध्ये तसाच होता. दिवसभर मला दिसायच्या त्या आईच्या टाचा, नऊवारीचा मळलेला काठ आणि चप्पलचा एका बाजूनं झिजलेला तळवा. मला वारी म्हटलं की चेहरे आठवायचे. चालणाऱ्याला चेहरे दिसतच नाहीत.

पुण्याहून सासवड ही सगळ्यात लांबची चाल, आणि नेमकी त्याच दिवशी एकादशी. पोटात शेंगदाण्याचा लाडू आणि दोन केळी. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. कडेच्या दरडींवर नेहमीसारखे फोटोग्राफर उभे होते, त्यातले तिघे माझे दोस्त. एकानं वरून हाक मारली, 'माऊली, इकडं बघा!' त्यानं मला ओळखलं नव्हतं. पुढं आई तशीच खाली बघत चढत राहिली, आणि अण्णा माझ्यावर रुसून मान खाली घालत नव्हते हे मला त्या चढावर कळलं. चढताना पुढच्याच्या पायाकडं बघावं लागतं, नाहीतर पाऊल चुकतं.

संध्याकाळी तळावर समाजआरतीला हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड वर करतात आणि त्या क्षणी सगळं थांबतं. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिकडं जाऊन ऐकून घेतात. ही शिस्त घालून देणारे हैबतबाबा आमच्याच सातारा जिल्ह्यातले, आरफळचे. 1832 पासून हा सोहळा त्यांनी लावून दिला तसा चालतो. दंड वर केलेल्या चोपदाराचे माझ्याकडं दहा तरी फोटो आहेत. त्यानंतरची शांतता मात्र मी कधी ऐकलीच नव्हती, कारण त्या वेळी मी मोटरसायकल चालू करून निघालेलो असायचो.

नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान झालं आणि आपल्या जिल्ह्यात आलो. लोणंदच्या पुढं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. दरवर्षी तिथं मी पहिल्या रांगेत असतो. यंदा डोकी सोडून काही दिसेना. अचानक टापांचा आवाज आला, 'माऊली माऊली'चा गजर उसळला, अंगावरून वारा गेल्यासारखं झालं आणि दोन्ही अश्व गेलेसुद्धा. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसरा रिकामा, त्यावर माऊली बसतात. लोक वाकून टापांखालची माती उचलायला लागले. आईनं चिमूटभर उचलली, आधी माझ्या कपाळाला लावली, मग स्वतःच्या. चव्वेचाळीस वर्षांचा मी, दाढीत पांढरे केस. तिला हनुवटी धरायला हात वर करावा लागला.

फलटणच्या अलीकडं पावसानं तिच्या भेगा फुगल्या आणि एक उलली. रस्त्याकडेच्या मांडवात वारकऱ्यांचे पाय चोळायला पोरं बसली होती. त्यातला एक म्हणाला, 'माऊली, पाय द्या.' आई लाजून मागं सरली. परक्या पोराच्या हातात पाय द्यायचा म्हणजे तिला अवघडच. बरडच्या मुक्कामी मग मीच कोकमाचं तेल गरम केलं. पालात बॅटरीच्या उजेडात तिची टाच मांडीवर घेतली. भेगांत आमच्या रानाची काळी माती होती, चाळीस वर्षांची आलं-काढणी, कितीही धुतली तरी न जाणारी. तेल भरता भरता मी तिला त्या लग्नाचं सांगितलं. कार्ड, पैसे, आजी, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

'पैसं दिलंस ते बरं केलंस,' ती म्हणाली. 'पर त्यांच्या दारात गेला न्हाईस न्हवं?'

'नाही.'

'मग काय दिलंस?'

एवढं बोलून ती कुशीवर वळली आणि झोपली. मला झोप लागली नाही.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत आम्ही उभे राहिलो नाही. चंद्रभागेत स्नान केलं, नामदेव पायरीला माथा टेकला, कळस बघितला. आईचे हात बराच वेळ जोडलेले होते. दशमीपर्यंत मी शबनममधला टाळ बाहेर काढला नव्हता. एकादशीच्या रात्री दिंडीच्या भजनाला तिनंच तो काढला, माझ्या हातात दिला आणि माझ्या शेजारी बसली. माझा ठेका तीनदा चुकला. पुढच्या टाळकऱ्यानं मागं वळून न बघता त्याचा टाळ जरा उंच धरला, मला दिसावा म्हणून.

आषाढी झाली की चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात, आम्हा फोटोग्राफर लोकांना कार्तिकीपर्यंत सवड असते. घरी आल्यावर चौथ्या दिवशी चुरमुरे, बत्तासे आणि बुक्क्याची पुडी घेऊन त्या घरी गेलो. मुलीचे वडील ओट्यावरच होते. मला बघून उठले. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी दंडाला धरून वर केलं, 'वारी करून आलाय, उलटं आम्ही पडायचं.' आत नेलं.

भिंतीवर आजींचा फोटो होता, आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला. चेहऱ्यावर चौकडे फुटलेले, डोळे अर्धे मिटलेले, गळ्यात तुळशीची माळ. दुसरा फोटो त्यांच्याकडं नव्हताच. मी काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, त्यातलं काही तोंडातून आलं नाही. पुडी उघडली. त्यांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला, स्वतःला लावला, मग खुर्चीवर चढून फोटोच्या काचेवरही एक बोट टेकवलं.

'दादा, हा फोटो मला खाली काढून देता?' मी म्हणालो. 'जमेल तेवढा नीट करून आणतो. हाताने करीन, घाई करणार नाही.'

ते खुर्चीवर तसेच जरा वेळ उभे राहिले. मग फोटो खिळ्यावरून काढला, सुनेकडून जुनं धोतराचं फडकं मागवलं, त्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.