रफमधली आजी

"रफमध्ये आजी हसत होती. फेअरमध्ये नुसते दात दाखवतेय." २०१४च्या एप्रिलमध्ये आमच्या मासिकाच्या संपादक बाई मला असं म्हणाल्या तेव्हा मी गप्प बसले, कारण ते मलाही दिसत होतं. मुलांच्या गोष्टींसाठी चित्रं काढायला लागून मला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पद्धत ठरलेली. साध्या कागदावर पेन्सिलीनं रफ, त्यावर बटर पेपर, बटर पेपरच्या मागून पेन्सिल घासून चांगल्या कागदावर रेघ उतरवायची आणि तिच्यावरून बारीक टोकाच्या पेननं गिरवायचं. दर पायरीला रेघ थोडी आखडत जायची. शेवटच्या कागदावर बकरी अगदी बकरीसारखी असायची, पण पळायची नाही.

त्या जुलैत ताईकडे लंडनला गेले. ताई हॅरोला राहते. तिथून एकच गाडी थेट किंग्ज क्रॉसला जाते, आणि स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर ग्रॅनरी स्क्वेअरमध्ये 'हाउस ऑफ इलस्ट्रेशन' नुकतंच उघडलं होतं. फक्त इलस्ट्रेशनला वाहिलेलं कलादालन. ते व्हावं म्हणून क्वेंटिन ब्लेक यांनी स्वतः खूप वर्षं खपून पाठपुरावा केला होता, आणि पहिलं प्रदर्शनही त्यांच्याच कामाचं होतं, 'इनसाइड स्टोरीज'. मुलांसाठी लिहिणाऱ्या रोआल्ड डालच्या पुस्तकांतली ती फाटक्या रेघांची, उड्या मारणारी माणसं काढणारे ब्लेक. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. बाहेर चौकातल्या कारंज्यांत पोरं कपड्यांसकट भिजत होती. मी आत शिरले ती दुपारी उशिरा बाहेर आले. मग त्या महिन्यात आणखी दोनदा गेले.

तिथं छापलेल्या चित्रांच्या शेजारी त्यांची रफ मांडलेली होती. पुस्तकाच्या पानांचे छोटे आराखडे, भराभर काढलेली पहिली रेखाटनं आणि मग शाई आणि जलरंगातलं पक्कं काम. १९९५ सालचं 'क्लाउन' हे एकही शब्द नसलेलं पुस्तक त्यात होतं. कचऱ्यात टाकलेल्या बाहुल्याची ती गोष्ट. बाहुला बोलत नाही, म्हणून सगळं खांद्यांतून, गुडघ्यांतून आणि हाताच्या पंजातून सांगावं लागतं. मी रफ आणि पक्कं चित्र यांत कुठे काय हरवलंय ते शोधत होते. काहीच हरवलेलं नव्हतं. काही ठिकाणी तर पक्क्या चित्रातला बाहुला रफमधल्यापेक्षा जास्त घाईत होता.

पण माझे पाय खिळले ते लेखक मायकेल रोझेन यांच्या 'सॅड बुक'साठी ब्लेक यांनी काढलेल्या चित्रांपाशी. रोझेन यांचा मुलगा एडी १९९९ साली मेंदूज्वरानं गेला, अठरा वर्षांचा असताना. त्या दुःखाचं हे पुस्तक २००४ साली आलं. पहिल्याच चित्रात माणूस तोंडभर हसतोय. दात दिसतायत, गाल वर गेलेत, आणि तरी बघताक्षणी पोटात कालवतं. माझी आजी नको असताना नुसते दात दाखवत होती. इथं एका माणसानं मुद्दाम, ठरवून, नुसते दात काढून दाखवले होते. हसण्याचा आणि न हसण्याचा फरक ज्याच्या रेघेला इतका कळतो, तो ती कशी काढतो हे मला कळायलाच हवं होतं.

ब्लेक यांनी आपली पद्धत स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि ती लपवण्यासारखी मुळीच नाही. लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, रफ ठेवायचं, त्यावर जलरंगाचा कागद. रफ दिसायला हवं, पण फार स्वच्छ नको. स्वच्छ दिसलं की हात गिरवायला लागतो. मग टाक (शाईत बुडवून वापरायचं निबचं पेन) आणि वॉटरप्रूफ काळी शाई घेऊन त्या अंधूक रफवर चित्र नव्यानं काढायचं. सुरुवात सगळ्यांत अवघड जागेपासून करायची. एखादा भाव असलेला चेहरा किंवा अवघड कोनातला हात. तिथं चुकलं तर तिथंच थांबायचं आणि नवा कागद लावायचा.

नऊ वर्षं मी उलटं करत होते. आधी घर, अंगण, झाड, लुगड्याचे काठ, आणि चेहरा सगळ्यांत शेवटी. बाकी सगळं झाल्यावर चेहरा बिघडायची इतकी धास्ती वाटायची की त्या धास्तीतच तो काढला जायचा.

पुण्याला परत आल्यावर दोन स्टुलांवर जाड दुधी काच टाकली, खाली ट्यूबलाइट ठेवली. (आता एलईडीचे चपटे पॅड सहज मिळतात, तेच घ्या. पण प्रकाश कमी-जास्त करता येईल असाच घ्या, त्याला फार महत्त्व आहे.) ३०० जीएसएमच्या जाड कागदातून रफ दिसेचना, २०० च्या पातळ कागदावर जमलं. पहिली शाई वॉटरप्रूफ नव्हती. रंगाचा हात फिरवला आणि आजीचं अख्खं तोंड राखाडी झालं. तेव्हापासून कुठलीही नवी बाटली आणली की आधी तुकड्यावर रेघ मारते, सुकू देते आणि ओला ब्रश फिरवून बघते.

टाकाला हात बसायला दीड महिना लागला. बारीक टोकाचं पेन कुठेही, कसंही सरकतं. टाक तसं करू देत नाही. खाली ओढलं की निबची दोन पाती फाकतात आणि रेघ जाड होते, वर ढकललं की निब कागदाच्या तंतूत अडकतं आणि शिंतोडे उडवतं. शाई अर्ध्यातच संपते. सुरुवातीला मी प्रत्येक शिंतोड्याला पांढरा रंग लावून झाकत बसायचे. मग ताईनं पाठवलेली प्रदर्शनाची पोस्टकार्डं भिंगाखाली धरून पाहिली. ब्लेक यांची कोटाची बाही कोपरापाशी तुटलेली असते, बुटाचा तळ खाली टेकतच नाही. आपला डोळा ते जोडून घेतो.

परत परत काढण्याची लाज मात्र लवकर गेली नाही. एका चित्राला एक कागद, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. तेव्हा मला डालच्या पुस्तकातल्या बीएफजी या राक्षसाच्या सँडलची गोष्ट आठवायची. त्या राक्षसाला ब्लेक यांनी आधी उंच बूट घातले होते. डालना ते पटेनात. शेवटी त्यांनी आपल्या पायातलं एक सँडल टपालानं पाठवून दिलं आणि ब्लेक यांनी राक्षस पुन्हा काढला. त्यांच्यासारख्या माणसानं पुन्हा काढलं, त्यात मी कागद मोजत बसण्यात काय अर्थ होता?

सप्टेंबरमध्ये दिवाळी अंकासाठी संपादक बाईंनी तीच गोष्ट पुन्हा दिली. आजी आणि पळून जाणारी बकरी. खोलीतला दिवा चालू ठेवला, म्हणजे काचेखालचं रफ फिकट दिसतं. आधी फक्त आजीचं तोंड. पहिल्या कागदावर ओठ सरळ आला. पुढच्या दोन कागदांवर रफ फार स्पष्ट दिसत होतं आणि मी गिरवतेय हे मनगटालाच कळत होतं. रफ आणि कागद यांच्यामध्ये आणखी एक कोरा कागद सरकवला. तोंडाच्या जागी आता नुसती सावली राहिली. ओठांचे कोपरे कुठे आहेत ते मलाच ठरवावं लागलं. आठव्या कागदावर आजीच्या डाव्या गालाची रेघ रफच्या बाहेर गेली, ओठाचा एक कोपरा दुसऱ्याहून वर चढला आणि आजी हसली. मग थांबले नाही. लुगडं, हात, हातातली दोरी, बकरी, सगळं वीसेक मिनिटांत झालं.

ते पान अंकात तसंच छापलं गेलं. बकरीच्या गळ्याशी दोरी तुटलेली आहे. तिथं टाकातली शाई संपली होती. मी ती जोडली नाही.