हॅब्सबर्ग वंशावळीचा तक्ता, १४७७ ते १७०० : काम कुठवर आले

तक्त्याचा वरचा भाग, म्हणजे १४७७ पासून १५५८ पर्यंतचा पट्टा, आता पक्क्या शाईत उतरला आहे आणि त्याखालची सुमारे १४० वर्षे पेन्सिलीत आखून तयार आहेत. राजघराण्यांच्या वंशावळी काढण्याचा नाद असलेल्यांसाठी आधी मांडणी सांगतो. कागद ए-झीरो आकाराचा, उभा धरलेला. प्रमाण एका वर्षाला ४ मिलिमीटर. प्रत्येक व्यक्तीची एक उभी रेषा असून ती जन्माच्या वर्षी सुरू होते आणि मृत्यूच्या वर्षी थांबते. राज्य केलेला काळ ०.८ च्या पेनने जाड केला आहे, उरलेले आयुष्य ०.३ ने. विवाह आडव्या दुहेरी रेषेने दाखवले आहेत. ऑस्ट्रियासाठी काळा, बर्गंडीसाठी हिरवा, कॅस्टीलसाठी लाल, ॲरागॉनसाठी पिवळा, पोर्तुगालसाठी निळा आणि हंगेरी-बोहेमियासाठी तपकिरी असे रंग ठरवले आहेत. १५८२ मध्ये पंचांग बदलले तेव्हा गळालेले १० दिवस या प्रमाणात एक दशांश मिलिमीटर भरतात, त्यामुळे तो वाद पेनच्या टोकाखालीच मिटतो.

पिढ्यांच्या ओळी सोडून काळाची पट्टी घेण्याचे कारण या घराण्याच्या इतिहासातच आहे. आपल्याकडचे कुलवृत्तांत पाहिले तर मुलींच्या नावापाशी रेषा बहुधा संपते, कारण घराणे मुलांकडून पुढे जाते असे गृहीत धरलेले असते. हॅब्सबर्गांची वंशावळ त्या रीतीने काढली, तर ऑस्ट्रियातल्या एका मध्यम वजनाच्या सरदारघराण्याकडे निम्मा युरोप कसा आला याचा काहीच उलगडा होत नाही. प्रदेश आले ते मुलींबरोबर, आणि तेही दुसऱ्या घराण्यातले मुलगे अकाली गेल्यामुळे. म्हणून या तक्त्यात सर्वांत काळजीने काढायच्या जागा म्हणजे लढाया किंवा तह नसून, एखादी रेषा जिथे अर्ध्यावर तुटते त्या जागा आहेत.

पहिली अशी जागा अगदी वरच्या कडेला आहे. ५ जानेवारी १४७७ रोजी बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स नान्सीच्या लढाईत पडला आणि नेदरलँड्सच्या श्रीमंत शहरांसह सगळा वारसा त्याच्या एकुलत्या मुलीकडे, १९ वर्षांच्या मेरीकडे आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घेंट येथे तिचा विवाह मॅक्सिमिलियन हॅब्सबर्गशी झाला. पाच वर्षांनी घोड्यावरून पडून ती गेली. तिची हिरवी रेषा १४८२ पाशी थांबते आणि तिच्या फिलिप व मार्गारेट या दोन मुलांच्या रेषा पुढे चालू लागतात.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो १४९६ ते १५०० या १६ मिलिमीटरांनी. फ्रान्सला दोन्ही बाजूंनी दाबात ठेवण्यासाठी मॅक्सिमिलियनने स्पेनच्या फर्डिनांड-इझाबेला (ॲरागॉनचा राजा आणि कॅस्टीलची राणी) या राजदांपत्याशी चक्क साटेलोटे केले: फिलिपला स्पेनची हुआना, आणि मार्गारेटला स्पेनचा युवराज हुआन. स्पेनची गादी हॅब्सबर्गांकडे जावी असा त्यात कोणाचाच हेतू नव्हता, कारण हुआनापूर्वी तिचा भाऊ आणि थोरली बहीण असे दोन हक्कदार होते. परंतु युवराज हुआन लग्नानंतर सहा महिन्यांतच, ऑक्टोबर १४९७ मध्ये, वारला आणि मार्गारेटचे मूल मृत जन्मले. थोरली बहीण इझाबेला पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाला दिलेली होती. ती ऑगस्ट १४९८ मध्ये बाळंतपणात गेली. तिचा मुलगा मिगेल हा आता कॅस्टील, ॲरागॉन आणि पोर्तुगाल या तिन्ही गाद्यांचा वारस ठरला. त्याची रेषा जेमतेम ८ मिलिमीटरांची आहे: जुलै १५०० मध्ये, दोन वर्षे पुरी होण्याआधीच, तो ग्रानाडात मरण पावला. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला घेंटमध्ये हुआनाला मुलगा झाला होता. त्या मुलाची, म्हणजे पुढच्या सम्राट पाचव्या चार्ल्सची, रेषा सुरू होते आणि मिगेलची संपते यांत दीड मिलिमीटरचेच सहअस्तित्व आहे. ते स्पष्ट दिसावे म्हणून या पट्ट्याचे चौपट मोठे चित्र उजव्या समासात चौकट आखून वेगळे काढले आहे. दाटीच्या जागी असे पोटचित्र काढण्याचा उपाय इतरांनीही करून पाहावा. मुख्य तक्त्यावर अक्षरे कोंबण्यापेक्षा ते कितीतरी बरे दिसते.

चार्ल्सकडे ॲरागॉनसुद्धा येईल हे अजून नक्की नव्हते. इझाबेला राणीच्या मृत्यूनंतर फर्डिनांडने फ्रेंच राजाच्या भाचीशी, जर्मेन द फ्वाशी, दुसरे लग्न केले, आणि १५०९ मध्ये त्यांना मुलगाही झाला. तो काही तासच जगला. तक्त्यावर तो एक पिवळा ठिपका आहे, पण तो जगता तर कॅस्टील आणि ॲरागॉन पुन्हा वेगळे झाले असते, आणि ज्याला आज आपण स्पेन म्हणतो त्याची घडण निराळी झाली असती. १५१९ ची चार्ल्सने जिंकलेली पवित्र रोमन सम्राटपदाची निवडणूक त्या मानाने सरळ आहे: सात निर्वाचक, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेले राजे व धर्मगुरू, सुमारे साडेआठ लाख फ्लोरिनांचा खर्च, त्यांतले पाच लाखांहून अधिक आउग्सबुर्गच्या याकोब फुगर या सावकाराचे. ती एका छोट्या काळ्या मुकुटाने आटोपली.

पूर्वेकडची तुटलेली रेषा हंगेरी आणि बोहेमियाचा राजा दुसरा लुई याची. १५१५ मध्ये व्हिएन्नात पुन्हा एकदा दुहेरी सोयरीक ठरली होती: लुईला मॅक्सिमिलियनची नात मेरी, आणि लुईची बहीण ॲना मॅक्सिमिलियनच्या एका नातवाला, जो शेवटी चार्ल्सचा धाकटा भाऊ फर्डिनांड ठरला. २९ ऑगस्ट १५२६ रोजी मोहाचच्या मैदानावर सुलतान सुलेमानच्या फौजेपुढे हंगेरीची फौज कोसळली आणि पळ काढताना लुई मेला. तो २० वर्षांचा होता आणि त्याला औरस संतती नव्हती. बोहेमियाची गादी त्याच वर्षी फर्डिनांडकडे आली. हंगेरीत मात्र यानोश झापोल्याई हा दुसरा राजा उभा राहिल्यामुळे तपकिरी रेषा दुभंगून काढावी लागली. समासात २१ एप्रिल १५२६, पानिपत, अशी नोंद करण्याचा मोह आवरला नाही. बाबराने तिथे गाडे एकमेकांना बांधून त्यांच्या आड तोफा आणि बंदुका ठेवल्या त्या रूमी, म्हणजे उस्मानी, पद्धतीने. तेव्हा ही नोंद अगदीच अस्थानी नाही.

पेन्सिलीतल्या भागात आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो. पोर्तुगालचा राजा सेबास्टियन ४ ऑगस्ट १५७८ रोजी मोरोक्कोत अल्कासर किबीरच्या लढाईत अविवाहित मेला. त्याच्यामागून गादीवर आलेला चुलत आजोबा हेन्री हा कार्डिनल, म्हणजे ब्रह्मचारी. तोही जानेवारी १५८० मध्ये गेला. चार्ल्सचा मुलगा दुसरा फिलिप हा आईकडून मॅन्युएल राजाचा नातू. त्याने आल्बाच्या ड्यूकला सैन्यानिशी पाठवून हक्क वठवला, आणि १५८१ मध्ये तोमार येथे पोर्तुगीज सभेने त्याला राजा मानले. तक्त्यावर त्याच्या लाल रेषेला तिथून निळी कड लागते, आणि क्रमांकही दोन पडतात: स्पेनचा दुसरा, पोर्तुगालचा पहिला. तेव्हापासून १६४० पर्यंत गोवा, चौल आणि वसई यांचा धनी माद्रिदमध्ये बसत होता. त्याचे एक फळ असे की, नेदरलँड्समध्ये फिलिपविरुद्ध उठलेल्या डचांना पोर्तुगीज ठाणीही शत्रूचीच झाली. १६३६ पासून काही वर्षे डच जहाजांनी गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी केली, तिचे मूळ मेरी ऑफ बर्गंडीच्या हिरव्या रेषेपर्यंत जाऊन पोहोचते.

मुंबईसाठी तक्त्याबाहेर एक फाटा काढला आहे. १ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमध्ये उठाव होऊन ब्रागान्झाचा ड्यूक जॉन राजा झाला, पण स्पेनने ते मान्य केले नाही आणि लढाई १६६८ पर्यंत चालली. १६५९ च्या तहात फ्रान्सने पोर्तुगालला मदत न करण्याचे कबूल केल्यावर लिस्बनला इंग्लंडवाचून आधार उरला नाही. जॉनची मुलगी कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देण्याचा करार १६६१ मध्ये झाला तो या निकडीतून, आणि आंदणात टँजियरबरोबर मुंबई गेली. आपल्याकडे आंदणाची गोष्ट सर्वांना पाठ असते. ते आंदण एवढे घसघशीत का, याचे उत्तर स्पेनच्या लाल रेषेत आहे.

आता अडलेले काम. स्पेनचा शेवटचा हॅब्सबर्ग राजा दुसरा चार्ल्स याच्या आईवडिलांशी आलो की रेषा मागे वळतात. चौथ्या फिलिपचा मुलगा बाल्तासार कार्लोस १६४६ मध्ये मेला तेव्हा त्याची वाग्दत्त वधू मारियाना ही फिलिपची सख्खी भाची होती. वारस हवा म्हणून १६४९ मध्ये ४४ वर्षांच्या मामानेच १४ वर्षांच्या भाचीशी लग्न केले. त्यामुळे तिसरा फिलिप आणि त्याची राणी मार्गारेट हे दुसऱ्या चार्ल्सचे आजी-आजोबा, आणि आईकडून पणजी-पणजोबाही. पिढ्यांच्या ओळींत हे जोडपे दोनदा लिहावे लागले असते. काळाच्या पट्टीवर ते एकदाच येते, फक्त त्यांच्यापासून निघालेल्या दोन रेषा खाली पुन्हा भेटतात. हे वर्तुळ ट्रेसिंग पेपरवर काढले आहे, पण मारियानाची रेषा इतर चार रेषांना छेदते. छेद टाळण्यासाठी मारियानाची ऑस्ट्रियन शाखा (सम्राट चार्ल्सचा भाऊ फर्डिनांड याचा वंश) डावीकडे सरकवावी, की प्रत्येक छेदावर छोटी कमान काढावी, हे ठरायचे आहे. माझा कल कमानीकडे आहे, कारण शाखा सरकवली तर व्हिएन्ना आणि माद्रिद यांच्यातल्या सततच्या देवाणघेवाणीचा ठसा पुसट होतो.

तक्ता १ नोव्हेंबर १७०० या तारखेला, दुसऱ्या चार्ल्सच्या मृत्यूपाशी, थांबवायचा होता. मात्र ऑस्ट्रियन शाखा त्यानंतर ४० वर्षे मुलाच्या वंशात टिकली आणि २० ऑक्टोबर १७४० रोजी सहावा चार्ल्स गेल्यावर वारसा पुन्हा मुलीकडेच, मारिया थेरेसाकडे, आला. त्यासाठी १६ सेंटिमीटर अधिक लागतील. तेवढी जागा खाली रंगसूचीसाठी राखलेली आहे, म्हणून सूची डाव्या समासात उभी लिहून पट्टी १७४० पर्यंत वाढवत आहे.