सीजे-थ्री-बीची ट्रान्सफर केस: टेबलावर बांधून झाली

मंडळी, माझ्या सीजे-थ्री-बी जीपच्या ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) लो गिअर का सुटत होता ते सापडलं. चोरलकडच्या कच्च्या उतारावर एक्सलरेटर सोडला की लीव्हर आपोआप न्यूट्रलला यायचा, आणि रस्त्यावर जरा वेग धरला की सीटखालून बारीक रडका आवाज. इंदुरात कोणत्याही मिस्त्रीला विचारा, पहिला इलाज ठरलेला: शिफ्ट रॉडची गोळी आणि स्प्रिंग बदला. स्वस्तात होतं, केस उघडावी लागत नाही. पण स्प्रिंगचं काम रॉड जागेवर धरण्याचं. गिअरच गिअरला बाहेर ढकलत असेल तर ती बिचारी कुठवर धरणार?

ऑईल काढलं तेव्हाच अंदाज आला. दुधाळ नव्हतं, म्हणजे पावसाळ्यातलं पाणी आत गेलेलं नाही. पण परात उन्हात धरल्यावर तळाशी सोनेरी भुकटी चमकली. या केसमध्ये, म्हणजे स्पायसर १८ मॉडेलमध्ये, ब्राँझ म्हणजे मधल्या गिअरच्या दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वॉशर, गिअरला बाजूने टेकू देणाऱ्या चकत्या. ते झिजले की गिअर मागेपुढे खेळतो.

उतरवताना एक काळजी घ्यावी लागते. केस मागे ओढली की गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट तिच्याबरोबर सरकतो आणि सिंक्रोचे (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या यंत्रणेचे) तुकडे आत पडतात. म्हणून मेनशाफ्टला तारेचा फास घालून पुढे बांधून ठेवायचा. जुन्या विलीज मॅन्युअलमध्येही हेच आहे. बाकी नट-बोल्टांचं पुराण सांगत बसत नाही.

आता मुख्य गोष्ट. मागची लॉक प्लेट काढून मधला शाफ्ट ठोकून बाहेर काढला. दिसायला चकचकीत, पण नख फिरवलं तर दोन ठिकाणी अडकतं. सुईसारखे बारीक नीडल रोलर जिथे फिरतात नेमकं तिथेच, आणि खालच्या बाजूला जास्त. या खाचांमुळे गिअर शाफ्टवर सरळ बसत नाही, भार आला की किंचित कलतो. कललेल्या गिअरचे दात सरकत्या गिअरला रेटतात आणि तो घसरत बाहेर येतो. पुढे जाताना इंजिन ओढतं आणि उतारावर चाकं इंजिनाला ओढतात, म्हणून हा खेळ उतारावर जास्त दिसायचा. आवाजही त्याचाच.

शाफ्ट घेताना व्हर्नियर खिशात ठेवा. या केसमध्ये वेगवेगळ्या काळात तीन जाडीचे शाफ्ट आले: पाऊण इंच, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच आणि सव्वा इंच. दुकानदार ‘जीप का है’ म्हणून काहीही हातात ठेवतो. माझा सव्वा इंची निघाला. शाफ्ट, रोलर आणि वॉशर तिन्ही एकदम नवे घेतले. जुन्या शाफ्टवर नवे रोलर घालणं म्हणजे पैसे पाण्यात. गिअरचे दात मात्र चांगले होते, तोच ठेवला. जुना गिअर आवाज करतो म्हणून फेकू नका, आधी शाफ्ट बघा.

रोलर सुटे असतात, त्यांना पिंजरा नाही. पोलोग्राउंडच्या लेथवाल्याकडून गिअर आणि दोन्ही वॉशर मिळून होते तेवढ्याच लांबीचा, जाडीला किंचित कमी असा डमी शाफ्ट वळवून घेतला. गिअरच्या भोकात घट्ट ग्रीस थापायचं, एकेक रोलर बोटाने दाबत गोल पूर्ण करायचा, मध्ये स्पेसर, मग दुसरी रांग, आणि डमी आत सरकवायचा. वॉशर ग्रीसने चिकटवून गिअर केसमध्ये धरला आणि खरा शाफ्ट मागून ठोकत नेला, की डमी पुढून आपसूक बाहेर. शेवटचा रोलर बसताना बाकीचे सगळे हलतात, तेव्हा घरच्यांनी चहाला हाक मारू नये एवढीच विनंती.

आउटपुट शाफ्टच्या टेपर बेअरिंगचा खेळ मागच्या कॅपखालच्या शिमवर, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांवर, ठरतो. चार ते आठ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) पाहिजे. शिम वाढवली की खेळ वाढतो. डायल गेज लावून सहावर आणलाय. पुष्कळ जण हाताने हलवून ‘ठीक आहे’ म्हणतात, मला ते पटत नाही. बेअरिंग जास्त आवळलं तर तापून जळतं.

ऑईल नव्वद ग्रेडचं, पण जीएल-४ वर्गातलं भरणार. जीएल-५ मधली सल्फरची रसायनं ब्राँझसारख्या पिवळ्या धातूला खाऊ शकतात, आणि वॉशर आत्ताच बदललेत. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसची भरायची बुचं वेगळी, तरी तेल मधल्या भिंतीतून इकडून तिकडे जातं. दोन्हींची लेव्हल एकाच दिवशी बघायची.

राहिलंय काय, तर मागचं योक, म्हणजे आउटपुट शाफ्टला प्रॉपेलर शाफ्ट जोडणारा तुकडा. सीलच्या ओठाने त्यावर चर पाडलीय. नवं सील लावलं तरी तिथून गळणार, आणि गळणारं तेल सरळ हँडब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. लायनर तेलाने काळे पडलेत, ते नव्याने रिव्हेट करायला टाकलेत. तेवढं योक बघा कोणाकडे पडलं असेल तर, चर नसलेलं. नाहीतर लेथवाल्याकडे त्यावर स्लीव्ह चढवून घेईन.