जुन्या जीपवर अँटेना बसवताना

जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा कोयना खोऱ्यातल्या आमच्या नातेवाइकांना दोन दिवस फोन लागला नव्हता. त्यांचा रस्ता बंद, वीज गेलेली, आणि साताऱ्यात आम्ही फोन हातात धरून बसलेलो. त्यानंतर मी फोनचे जाळे नसतानाही चालणाऱ्या हौशी (हॅम) रेडिओची परीक्षा दिली, दूरसंचार विभागाचा परवाना मिळवला आणि वडिलांच्या काळापासून दारात उभ्या असलेल्या महिंद्रा एमएम 540 जीपमध्ये रेडिओ बसवायचे ठरवले. संच बसवण्याचे काम अर्ध्या दिवसात उरकले. अँटेनाने मात्र दोन महिने घेतले.

परदेशातल्या डोंगररस्त्यांवरच्या गाड्यांवर जे उंच, वाऱ्यावर लवणारे अँटेना दिसतात, ते बहुतेकदा 27 मेगाहर्ट्झच्या सीबी (सिटिझन्स बँड, सामान्य लोकांच्या वापराच्या) रेडिओचे असतात. त्या लहरीची लांबी सुमारे 11 मीटर असल्यामुळे पाव लहरीचा अँटेनाही पावणेतीन मीटर भरतो. म्हणून त्यात तारेचे वेटोळे घालून तो आखूड करतात, आणि आखूड करावा तसतशी त्याची कार्यक्षमता उतरत जाते. मी 144 ते 146 मेगाहर्ट्झचा हौशी पट्टा वापरतो. तिथे लहर दोन मीटरच्या आसपास असते आणि पाव लहरीची काडी जेमतेम पन्नास सेंटीमीटरची होते. घाटातल्या झाडोऱ्यात ही उंची सोयीची आहे. लांबी सोडली तर गाडीवर बसवण्याची तत्त्वे दोन्हीकडे एकच आहेत.

त्यातले पहिले तत्त्व मला पुस्तकातून माहीत होते, पण पटले ते चुकल्यावर. पाव लहरीचा अँटेना म्हणजे केवळ ती काडी नव्हे. काडी हा अर्धा अँटेना असतो आणि उरलेला अर्धा म्हणजे तिच्या बुडाशी पसरलेला गाडीचा पत्रा. बंद टपाच्या गाडीत टपाच्या मधोमध काडी बसवली की चहूबाजूंना सारखा पत्रा मिळतो आणि प्रश्न मिटतो. माझ्या जीपला कापडी हूड आहे, आणि रेडिओलहरींच्या दृष्टीने कापडी हूड असून नसल्यासारखेच.

दिसायला बरे म्हणून मी पहिल्यांदा मागच्या उजव्या कोपऱ्यावर, छान रंगवून घेतलेल्या लोखंडी पट्टीवर अँटेना बसवला. मीटर लावून पाहिले तर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती माघारी येते ते दाखवणारा आकडा, 3 आला; तो 1 असला की काहीच माघारी येत नाही. 3 म्हणजे रेडिओ जेवढी शक्ती वर पाठवत होता, तिच्यातली पाव शक्ती तशीच माघारी येत होती. मी काडीची लांबी चुकली असे समजून ती पाच-पाच मिलिमीटर कापत गेलो. दीड सेंटीमीटर कापून झाली तरी काटा तसूभरही हलेना, तेव्हा कुठे मल्टिमीटर काढला आणि त्याची एक तार अँटेनाच्या बुडाला, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. तिथे शून्याच्या जवळपास आकडा दिसायला हवा होता. माझ्या मीटरवर तो चाळीस ओहमपर्यंत जाई आणि पट्टी हाताने दाबली की बदले. दोष काडीचा नव्हता. पट्टी आणि बॉडी यांच्यामध्ये रंगाचा थर होता, आणि अँटेनाचा दुसरा अर्धा भाग जोडलेलाच नव्हता.

मग पॉलिश पेपर घेऊन बसलो. वरचा हिरवा रंग गेला, त्याखाली पांढरा निघाला, त्याखाली लाल रेड ऑक्साइड, आणि मग रुपयाएवढा चकचकीत पत्रा उघडा पडला. शेजारी उभ्या असलेल्या मिस्त्रींना ते बघवेना. “सायेब, एवढा चांगला रंग खरवडताय, पावसाळ्यात गंज धरंल की,” ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खरेच आहे, आणि साताऱ्याच्या पश्चिमेला जिथे महिनोन्महिने पाऊस थांबत नाही तिथे तर अधिकच खरे. म्हणून वायसरखाली बसेल तेवढाच रंग काढावा, दातेरी वायसर घालून बोल्ट करकचून आवळावा आणि मगच सांध्यावर बाहेरून ग्रीसचा जाड लेप द्यावा. ग्रीस आधी लावायचे नाही, कारण लोखंडाला लोखंड भिडले पाहिजे.

एवढे करून एसडब्ल्यूआर 1.8 वर आला, पण जागा मला पटत नव्हती. कोपऱ्यावरच्या अँटेनाची शक्ती ज्या बाजूला पत्रा जास्त त्या बाजूला अधिक जाते. माझ्या बाबतीत ती पुढे डावीकडे जात होती आणि मागचा माणूस क्षीण ऐकू येत होता. शेवटी काचेच्या पुढच्या पत्र्यावर, बॉनेटच्या मागे, चालकाच्या बाजूला जागा ठरवली. आपल्या रस्त्यांवर करवंदीच्या जाळ्या आणि जांभळीच्या फांद्या गाडीला डावीकडून घासतात, म्हणून उजवी बाजू. इथे समोर बॉनेटचा मोठा पत्रा मिळतो, पण तो अर्थिंगला जोडलेला आहे असे गृहीत धरणे हीच जुन्या गाडीतली सगळ्यात मोठी फसगत आहे. बॉनेट बिजागऱ्यांवर असते आणि बिजागऱ्यांत रंग, ग्रीस आणि तीस वर्षांची माती असते. जुन्या केबलमधली तांब्याची जाळी काढून तिच्या दोन रुंद पट्ट्या केल्या आणि बॉनेटच्या दोन्ही कोपऱ्यांतून त्या फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधल्या पत्र्याला, जोडल्या. आधी कापून आखूड केलेली काडी फेकून नवी घेतली. मीटरवर 1.3 आला, म्हणजे माघारी येणारी शक्ती दोन टक्क्यांच्याही आत.

बाकीचे थोडक्यात सांगतो. संचापासून अँटेनापर्यंत आरजी-58 ही बारीक कोअॅक्सियल केबल चालते, कारण लांबी तीन मीटरच आहे. ती गाडीत शिरण्याआधी खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते. संचाची वीज थेट बॅटरीवरून घ्यावी आणि दोन्ही तारांना बॅटरीजवळ फ्यूज घालावा. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसल्यामुळे खरखर फारशी नाही. अल्टरनेटरची शिट्टी मात्र होती, ती वीज अशी थेट घेतल्यावर गेली. अँटेना चालकाच्या तोंडापासून मीटरभर अंतरावर असल्यामुळे मी शक्ती 10 वॉटच्या वर नेत नाही आणि बोलताना कोणाला काडीला हात लावू देत नाही.

गेल्या रविवारी साताऱ्यातल्या एका परवानाधारक मित्राला घरी संचापाशी बसवून मी निघालो. यवतेश्वरला त्याचा आवाज शेजारी बसल्यासारखा होता. कासच्या पठारावर गाडी जागच्या जागी चारही दिशांना फिरवून पाहिली, आवाजात फरक पडला नाही. बामणोलीच्या उतारावर डोंगर आड आला आणि चौथ्या वळणाला त्याचा आवाज गेला. गाडी दोनशे पावले मागे घेतल्यावर तो पुन्हा आला. ते वळण मी वहीत टिपून ठेवले आहे.