पावणेसातचा बालरथ आणि दहावीची झोप

सोमवार

जानेवारीत पणजीला सूर्य सातनंतर उगवतो. आतल्या वाड्यांवर बालरथ, म्हणजे शाळेची बस, मात्र पावणेसातला, कुठे कुठे त्याआधीच येतो. सत्तरी, पेडणे, काणकोण इथली कितीतरी मुलं काळोख पुरता फिटायच्या आत दप्तर पाठीला लावून रस्त्यावर उभी असतात. देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे. गोवा त्याच्या जवळजवळ नऊ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे चालतो. पावणेआठची घंटा सूर्याच्या हिशेबाने सात वाजून दहा मिनिटं होतात तेव्हाच वाजते.

त्यात वयाची भर. वयात येताना मेंदूतलं घड्याळ उशिराकडे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन लहानपणापेक्षा एक ते दोन तास उशिरा वाढू लागतं. दिवसभर जागं राहून डोळ्यांवर जो भार साठतो, तोही या वयात हळू साठतो. म्हणून सातवीपर्यंत नऊला पेंगणारा मुलगा दहावीत साडेदहालाही टक्क जागा असतो आणि सकाळी सहाला हाका मारून उठत नाही. ही दोन्ही लक्षणं एकाच कारणाची आहेत. याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, आणि घरोघर तेच म्हटलं जातं.

मंगळवार

आज नुसता हिशेब मांडला. दहावीच्या साध्या दिवसाचा.

शाळा दीडला सुटते, घरी सव्वादोन. जेवण. चार ते सात दोन विषयांची ट्यूशन, येण्याजाण्यासकट साडेसात. हातपाय धुणं, दिवाबत्ती, जेवण यांत पावणेनऊ. नऊ ते अकरा गृहपाठ आणि विज्ञानाचं जर्नल. अंथरूण अकरा-वीसला, डोळा लागतो अकरा-चाळीसला. उठणं पावणेसहाला. हाती आले सहा तास पाच मिनिटं.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत आठ ते दहा तास झोप लागते, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सांगितलं. साडेआठ धरले तरी रोज जवळजवळ अडीच तासांची तूट. शनिवारसकट सहा दिवसांची साडेचौदा तास. रविवारी नऊपर्यंत लोळून त्यातला जेमतेम पाऊण-एक तास परत येतो. बाकीची तूट पुढच्या आठवड्यात जाते.

या तुटीची वाईट गोष्ट अशी की ती जाणवायची थांबते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २००३ च्या प्रयोगात प्रौढांना चौदा रात्री सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसाइतकी घसरली होती, पण ‘किती झोप येते’ या प्रश्नाला त्यांची उत्तरं पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. म्हणून ‘मला सवय झालीय’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये. वहीकडे बघावं. उणे-अधिकच्या चुका, प्रश्नातला आकडाच चुकीचा उतरवणं, एक ओळ दोनदा वाचणं, आईने काही विचारलं की उगाच खेकसणं. उशीला डोकं टेकताच दोन मिनिटांत झोपणारं मूल ‘छान झोपतं’ असं आपण कौतुकाने सांगतो. रोज तसं होत असेल तर तेही तुटीचंच लक्षण आहे.

मंगळवार, रात्री

वरच्या हिशेबात वेळ कुठून काढायचा? सगळे बोट मोबाइलकडे दाखवतात. माझ्या मते गोव्यात मोठा वाटा ट्यूशनचा आणि तिच्या प्रवासाचा आहे. पण सुरुवात सकाळपासून करावी, कारण या वयात पहाटेची वीस मिनिटं मिळवणं रात्रीच्या वीस मिनिटांपेक्षा सोपं असतं. त्या वेळी शरीर आपणहून झोपलेलंच असतं. दप्तर रात्री भरून ठेवायचं, गणवेश इस्त्री करून खुर्चीवर, आंघोळ रात्री. एवढ्याने पावणेसहाचं उठणं सहा-दहावर जातं. रात्रीच्या आंघोळीचा दुसराही फायदा आहे. झोपायच्या एक-दीड तास आधी दहा मिनिटं कढत पाण्याने न्हायलं की कातडीकडे रक्त वळतं, नंतर शरीर आतून थंड होतं आणि झोप लवकर लागते. एप्रिल-मेच्या घामट रात्रींतही कोमटच पाणी घ्यावं.

मग गृहपाठाचा पहिला तास दुपारी आणायचा. त्यासाठी दुपारची झोप नीट बसवावी लागते.

बुधवार

दुपारी दुकानांची दारं ओढून घेणारा हा प्रदेश मुलांना मात्र दुपारी झोपू देत नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमारास मेंदूची उतार-वेळ असतेच. ती जेवणामुळे येत नाही, शीत-कढी (भात-कालवण) जेवून फक्त जास्त जाणवते. अडीचला आडवं व्हायचं आणि पंचवीस मिनिटांचा गजर लावायचा. पाच मिनिटं डोळा लागायला, वीस झोपेची.

चुकतं ते इथे: गजर न लावता तास-सव्वातास झोप होते. तीस-चाळीस मिनिटांनंतर गाढ झोप सुरू होते आणि तिच्या मध्यावर उठवलं की अर्धा तास डोकं जड राहतं, चिडचिड होते. घरचे म्हणतात, दुपारची झोप याला सोसत नाही. सोसत नाही ती लांबी. आदल्या रात्री पाच तासांहून कमी झोप झाली असेल तरच पूर्ण दीड तास घ्यावा, म्हणजे एक फेरा संपतो, आणि तीही चारच्या आत संपवावी. साडेचारनंतर डुलकी घेतली की रात्रीचा डोळा बारापर्यंत लागत नाही. ट्यूशनहून परतताना बसमध्ये लागणारी डुलकी नेमकी अशीच नडते.

चहा. कपात साधारण ४० मिलिग्रॅम कॅफीन असतं, कडक असेल तर जास्त. त्यातलं निम्मं उरायला सुमारे पाच तास लागतात. पाचच्या कपातलं वीस मिलिग्रॅम दहा वाजताही रक्तात आहे, आणि आठला अभ्यासासाठी घेतलेल्या दुसऱ्या कपातलं तर तीसच्या आसपास. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटर डब्यात नियमाने ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं. मुलांसाठी ते नाही, असं डब्यावरच छापलेलं असतं. ते वाचून दाखवावं. कॅफीन झोपेची गरज भागवत नाही, तिची खूण तेवढी झाकतं. चहा तीनपर्यंत. पुढे भूक लागली तर पेज, पोळी, केळं, काहीही.

गुरुवार

पहाटेच्या अभ्यासाबद्दल लिहायलाच हवं, कारण प्रत्येक घरात एक आजोबा असतात आणि ते मनापासून सांगतात: चारला ऊठ, पाठ होतं. त्यांच्या काळी ते खरं होतं. वीज नव्हती किंवा नावापुरती होती, साडेआठला गाव निजायचा. साडेआठ ते चार म्हणजे साडेसात तास. आज अकरा-चाळीसला झोपलेल्या मुलीला चारला उठवलं की उरतात चार तास वीस मिनिटं.

शिवाय कुठली झोप कापली जाते हेही बघावं. रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात गाढ झोप जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे. दिवसा वाचलेलं पक्कं व्हायला दोन्ही लागतात. पहाट कापली की स्वप्नांच्या झोपेचा मोठा भाग जातो. म्हणजे चारला उठून पाठ केलेल्या धड्यासाठी काल संध्याकाळचा धडा कच्चा ठेवायचा.

आजोबांना दुखवायचं नाही. ज्या मुलाला खरोखर नऊला झोप येते (अशीही मुलं असतात) त्याने पाचला उठून जरूर वाचावं. बाकीच्यांसाठी क्रम बदलावा: गणितं आणि नवा भाग दुपारी, डुलकीनंतर. जेवणानंतर फक्त उजळणी, आकृत्यांना नावं, जर्नल, संस्कृतची रूपं. अडलेलं गणित साडेदहाला सोडवायला घेऊ नये. ते डोक्यात घेऊन अंथरुणावर पडलं की अर्धा तास गेलाच.

शुक्रवार

रात्री मोबाइलचा पडदा पिवळसर करून फारसं साधत नाही. प्रकाशाचा परिणाम आहे, पण मुख्य नुकसान ‘अजून एक’ म्हणत गेलेल्या वेळाचं आणि मनाच्या खळबळीचं. फोन रात्री साडेनऊला सोप्यावर (ओसरीवर) चार्जिंगला लावायचा, घरातल्या मोठ्यांचेही तिथेच. गजरासाठी साधं घड्याळ आणावं, नाहीतर ‘गजराला हवा’ म्हणून फोन उशाशी परत येतो.

वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर रात्री दहाला गृहपाठ टाकणाऱ्या टीचरनीही विचार करावा. तो निरोप येईल म्हणून मुलं जागी राहतात.

शनिवार

सात दिवसांची नोंद ठेवायला सांगते ती अशी. वहीच्या शेवटच्या पानावर पाच रकाने: दिवा विझला, डोळा लागला (अंदाजे), जाग आली, दुपारची झोप, शेवटचा चहा. अंथरुणावरचा वेळ झोपेत धरायचा नाही. मग झोपेचा मध्य काढायचा. शाळेच्या दिवशी ११:४० ते ५:४५, मध्य पावणेतीनच्या आसपास. रविवारी १२:३० ते ९:३०, मध्य पाचला. फरक सव्वादोन तास. गोव्यात घरटी कुणीतरी आखातात असतं, त्यांना हे चटकन कळेल: दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. म्हणजे हे मूल दर रविवारी दुबईच्याही पलीकडे जातं आणि सोमवारी पहाटे परत येतं.

म्हणून रविवारी उठणं जास्तीत जास्त तासभर उशिरा. उरलेली भरपाई दुपारी.

झोप अलीकडे आणायची तर उडी मारू नये. अकरा-चाळीसचा माणूस एकदम सव्वादहाला पडला की पाऊण तास आढ्याकडे बघत राहतो आणि तिसऱ्या दिवशी बेत सोडतो. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं. पाऊण-एक तासाचा नव्हे, जवळजवळ दीड तासाचा पल्ला आहे, त्याला अठरा दिवस लागतात. आज सुरू केलं तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात घडी बसते, दहावीची परीक्षा मार्चमध्ये धरली तर वेळेत. त्याबरोबर सकाळचा उजेड हवा. उठल्यावर चहा अंगणात घ्यावा, बालरथाची वाट उघड्यावर बघावी. खोलीतली ट्यूब शंभर-दोनशे लक्स देते, ढगाळ आकाशसुद्धा हजारांत. सातच्या आत मात्र जानेवारीत पुरेसा उजेड नसतो, तेव्हा शाळेच्या परिपाठाची वेळ मैदानात घालवणं जास्त उपयोगाचं.

आणि जत्रा? पौषात म्हापशाला बोडगेश्वर, माघात कवळे आणि मंगेशी. रात्रीचं नाटक, काला. मुलांना यातून तोडून घरी कोंडू नये, असं माझं ठाम मत आहे. एक रात्र जागल्याने वर्ष जात नाही. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत उठायचं, दुपारी दीड तास, रात्री नेहमीच्या वेळेला. लागोपाठ दोन रात्री मात्र नकोत.

रविवार

बारावीच्या मुलांबद्दल एक भीती आहे, ती लिहून ठेवते. साडेपाचला उठलेला मुलगा रात्री साडेदहाला सतरा तास जागा असतो. सतरा तास जागल्यावर माणसाचा प्रतिसाद रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा मंदावतो. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. रात्रीच्या क्लासहून स्कूटरने एकट्याने येणं बंद करा. कुणीतरी आणायला जा.

घरी सगळं करूनही झोप येत नसेल, आठवड्यात तीन रात्री आणि तीन महिने, तर डॉक्टरांकडे. घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर त्याआधीच, बहुधा टॉन्सिल बघावे लागतात. पायांत रात्री मुंग्या-ओढ असेल तर लोह तपासून घ्यावं. झोपेच्या गोळ्या, मेलाटोनिनसुद्धा, दुकानातून आणून देऊ नये. मूल उदास असेल, ‘जगून काय’ असं बोलत असेल, तर झोपेच्या वेळापत्रकात वेळ घालवायचा नाही: सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, दिवसरात्र आणि फुकट, किंवा बांबोळीची मानसोपचार व मानववर्तन संस्था.

शाळेच्या पालक-शिक्षक सभेत मांडायच्या गोष्टी. अमेरिकेत सिएटलने २०१६ मध्ये शाळा ७:५० वरून ८:४५ ला नेली, तेव्हा मुलांची झोप रोज ३४ मिनिटांनी वाढली. मुलं जास्त जागली नाहीत, झोपली. आपल्याकडे दुपारचं ऊन, बसच्या फेऱ्या, एकाच इमारतीतली दोन सत्रं, यामुळे तासभर जमणार नाही. अर्धा तास मागावा. तेही नाही झालं तर दहावीचा पहिला तास गणिताचा नको. जिथे एक बालरथ दोन फेऱ्या मारतो तिथे पहिल्या फेरीचा वाडा दर सत्राला बदलावा, नाहीतर दूरच्याच मुलांची झोप वर्षभर जाते. गृहपाठाचे निरोप सातच्या आत. आणि परिसरातल्या ट्यूशनवाल्यांना पालकांनी एकत्र जाऊन सांगावं की दहावीची शेवटची बॅच साडेसहाला सुटली पाहिजे. एकट्याने सांगितलं तर ते दुसरं मूल घेतील, वीस घरांनी सांगितलं तर वेळ बदलतील.