गॅस जातो कुठं? आमच्या एसी गॅरेजची वाटचाल

आमचं मूळ दुकान रेडिएटरचं. वडील साताऱ्यात पोवई नाक्याच्या जवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळायचे. मे महिन्यात खंबाटकी चढून आलेल्या गाड्या दारात वाफा टाकत उभ्या असायच्या आणि शाळेतून आलो की पाण्याचं टिपाड भरून ठेवायचं काम माझं. एसीचं काम घरात कुणालाच येत नव्हतं, मी पुण्यात दोन वर्षं हेल्परकी करून २००४ ला परत आलो आणि एक सेकंडहँड व्हॅक्यूम पंप, दाब बघायची लाल-निळी गेज, एक सिलिंडर एवढ्यावर शेडच्या अर्ध्या भागात बोर्ड लावला. वडील म्हणाले, साताऱ्यात एसी कोण लावतंय, काच खाली केली की यवतेश्वरचं वारं येतंय की फुकट. पहिलं वर्ष त्यांचंच खरं झालं.

दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र गिऱ्हाईक लागलं आणि तिथंच मी चुकलो. गाडी आली, गार होत नाही म्हणाले, की गॅस मारला आणि पैसे घेतले, अर्ध्या तासात गाडी बाहेर. मेढ्याकडचे एक गुरुजी त्यांची जुनी गाडी घेऊन एका सीझनमध्ये तीनदा आले. तिसऱ्यांदा रागावले नाहीत, स्टुलावर बसले आणि शांतपणे विचारलं, "आमच्या फ्रिजमध्ये बारा वर्षांत गॅस भरला नाही, मग गाडीतलाच कसा संपतो? जातो कुठं तो?" मला उत्तर देता येईना. त्या दिवशी पहिल्यांदा साबणाचा फेस करून एकेक जॉइंटला लावत बसलो, आणि कंडेन्सरजवळच्या, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या जाळीजवळच्या जॉइंटवर बारीक बुडबुडा आला, मोहरीएवढा, फुटायचा आणि परत यायचा. ओ-रिंग, म्हणजे जॉइंटमधली रबरी रिंग, कडक झालेली. रिंग किरकोळ किमतीची, मी तीन वेळा गॅसचे पैसे घेतलेले. दोन वेळचे परत केले.

तेव्हापासून दुकानाचा नियमच झाला, गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय. आता फ्रिजची गोष्ट वेगळी, तिथं सगळं सीलबंद, गाडीत रबरी पाइप, गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील आणि वरनं आपले रस्ते, त्यामुळं चार-पाच वर्षांत थोडाफार झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्याला लागत असेल तर आधी लीकेज शोधा. आधी लीकेज, मग अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा आणि ओल ओढून काढायची, मग वजन करून गॅस. याला वेळ लागतो म्हणून बरीच गिऱ्हाइकं तुटली पण. त्या काळात आर-१२ या जुन्या एसी गॅसवाल्या गाड्याही यायच्या, तो गॅस ओझोनला घातक म्हणून २०१० पासून आपल्याकडं बंद झाला, त्या गाड्या आर-१३४ए या नव्या गॅसवर करायच्या म्हणजे तेल, ओ-रिंगा, ओल शोषणारा ड्रायर सगळं बदला, नुसता नवा गॅस ढकलून चालत नाही. हे समजावता समजावता घसा बसायचा.

थंडीत एसी बंदच ठेवायचा ही लोकांची दुसरी चुकीची सवय. गॅसबरोबर तेल फिरतं आणि त्यावरच सील ओलं राहतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बटणच दाबलं नाही तर सील सुकतं आणि मार्चमध्ये तुम्ही आमच्याकडं. आठवड्यातनं दहा मिनिटं लावा, बास. पावसाळ्यात पसरणी घाटात काच आतनं धुरकट होते तेव्हा लोक फडक्यानं पुसत बसतात. एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावा आणि हवा बाहेरची घ्या, एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर ती कोरडी हवा गरम करतो, काच लगेच साफ. दोन्ही एकदम म्हटलं की लोक माझ्याकडं वेड्यासारखं बघतात.

हीटरला तर कुणी विचारतच नाही, खरं तर तो इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो म्हणून फुकटच म्हणायचा. आणि घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद करून हीटर फुल करा, घाम निघेल पण इंजिनची तेवढीच उष्णता आत ओढली जाते, मग जागा बघून थांबा. गरम रेडिएटरचं टोपण तेवढं उघडू नका, वडिलांच्या हातावर अजून डाग आहे.

गेल्या डिसेंबरात गुरुजींचा मुलगा आला, गाडी तीच. हीटर म्हणे कधीच गरम होत नाही. बॉनेट उघडलं तर हीटरच्या दोन्ही नळ्या काढून पाणी बाहेरच्या बाहेर फिरवलेलं, हीटर कोर, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर, लीक असला की तात्पुरतं असं करतात. मी जोरात म्हणालो, कुठल्या शहाण्यानं केलंय हे? वडील मागनं वाकून बघायला लागले. क्लिपच्या जागी तांब्याची तार, डावीकडं पीळ दिलेली. आमच्या दुकानात डावरा मी एकटाच. मजुरी काही मागायचं तोंड राहिलं नाही, चहा पण मीच सांगितला.